पहिली शर्यत: जिद्दीआधी हाडांना वेळ द्या

तुकोबारायांची पालखी देहूहून निघते आणि साधारण अडीचशे किलोमीटरचे अंतर अडीच-तीन आठवड्यांत कापून पंढरपूरला पोचते. यवतनंतरचा तिचा मुक्काम दौंड तालुक्यातल्या वरवंडला असतो. दुसऱ्या दिवशी पाटस मागे टाकून रोटी घाट चढायचा आणि उंडवडी गवळ्याचीला टेकायचे. या वाटचालीत सत्तरीचे आजोबा असतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या मावश्या असतात. त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी 'ट्रेनिंग' हा शब्द उच्चारलेला नसतो. तरी ते पोचतात. अंतराचे तुकडे पाडलेले असतात, मध्ये विसावे असतात, रात्री मुक्काम असतो आणि कुणाच्या पुढे जायची घाई नसते, म्हणून ते पोचतात.

याच वरवंड-पाटस-केडगाव पट्ट्यात पहाटे धावणारी पोरे-पोरीही असतात. कुणाला पोलिस भरती गाठायची आहे, कुणाला सैन्यात जायचे आहे, आणि अलीकडे कुणी हौसेने पुण्या-मुंबईच्या किंवा बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नाव घातलेले असते. धावण्याची ही ओढ चांगलीच आहे. माझी तक्रार तिच्या घाईबद्दल आहे. पहिल्या लांब शर्यतीची तयारी आपण वारीसारखी करत नाही, परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखी करतो. भरतीची जाहिरात निघाली की पळायला सुरुवात, किंवा मित्राने अर्ज भरला म्हणून सहा आठवड्यांत २१ किलोमीटर. मग नडगी दुखते, गुडघा सुजतो, आणि 'आपल्या अंगातच ते नाही' असा निष्कर्ष निघतो. तो निष्कर्ष चुकीचा असतो. कमी पडलेली असते ती जिद्द नव्हे, तर वेळ.

शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत, ही यातली मुख्य गोष्ट. धावायला लागल्यावर दम लागणे काही आठवड्यांतच कमी होते. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते, स्नायू प्राणवायू अधिक चांगला वापरू लागतात. धावणाऱ्याला वाटते, जमले! पण हाडे आणि स्नायूबंध यांचा हिशेब महिन्यांचा असतो. हाडावर नवा भार पडला की आधी जुने हाड थोडे कोरले जाते आणि मग त्या जागी नवे, मजबूत हाड भरले जाते. कोरणे लवकर होते, भरणे सावकाश. म्हणजे सरावाच्या पहिल्या एक-दोन महिन्यांत, दम वाढल्यामुळे उत्साह जोरात असतो, नेमके तेव्हाच हाड थोडे कच्चे असते. सैन्यातल्या नव्या रंगरुटांच्या नडगीला आणि पावलांच्या हाडांना बारीक तडे जातात, ते बहुधा याच काळात. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीवर वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो आणि एका किलोमीटरला हजाराच्या आसपास पावले पडतात. साठ किलोच्या मुलाने पाच किलोमीटर पळणे म्हणजे काय, हे यावरून ध्यानात येईल.

'आम्ही दिवसभर शेतात राबतो, ऊस तोडतो, गुऱ्हाळावर उभे असतो, आम्हाला कसला सराव?' हा प्रश्न गावाकडे हमखास ऐकायला मिळतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. कष्टाच्या शरीराला दम असतो, चिवटपणा असतो, ऊन सोसायची सवय असते. शहरातल्या खुर्चीत बसणाऱ्यापेक्षा ही सुरुवात केव्हाही चांगली. पण राबणे म्हणजे धावणे नव्हे. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. धावताना दोन्ही पाय हवेत जातात आणि प्रत्येक वेळी सगळे अंग एका पायावर आदळते. त्या आदळण्याची सवय खुरप्याने किंवा कोयत्याने होत नाही.

याला पूरक म्हणून आपण ज्या जिद्दीच्या कहाण्या सांगतो, त्यांच्याकडेही नीट पाहायला हवे. वरवंडपासून जवळच असलेल्या बारामतीत लता भगवान करे या साठी ओलांडलेल्या बाई दहा-बारा वर्षांपूर्वी नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. पतीच्या तपासणीसाठी पैसे हवे होते, म्हणून त्या धावल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याची विशेष दखल घेतली गेली. या बाईंपुढे हात जोडावेत, यात शंका नाही. पण 'मनात आणले तर काहीही जमते' हा धडा त्यातून काढणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे. आयुष्यभर मजुरी करून, पायी फिरून घडलेले ते पाय होते. आणि एका तपासणीसाठी कुणाला धावावे लागते, याची खंत टाळ्यांच्या आवाजात बुडू नये.

अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा. लहानपणी तो कितीतरी किलोमीटर चालत-धावत शाळेला जायचा, हे सगळे सांगतात. त्यानंतर सैन्यातली वर्षे, क्रॉसकंट्री, प्रशिक्षकांच्या हाताखालचा सराव आणि मग ३,००० मीटर स्टीपलचेस, हे सांगायला वेळ नसतो. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतले त्याचे ८ मिनिटे ११.२० सेकंदांचे रौप्यपदक हे अनेक वर्षांच्या थरांवरचा कळस होते. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली, तिचीही गोष्ट अशीच. अगदी १९२० चे अँटवर्प ऑलिंपिक घ्या. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे खेड्यातले गडी पाहून दोराबजी टाटा थक्क झाले आणि त्यातून भारताचा संघ ऑलिंपिकला गेला. बेळगाव भागातले फडेप्पा चौगुले त्यात मॅरेथॉन धावले आणि १९ वे आले. पण जहाजातून उतरून ते थेट शर्यतीला उभे राहिले नव्हते. संघाने आधी इंग्लंडमध्ये थांबून सराव केला होता. तयारी प्रत्येक कहाणीत असते. आपण ती गाळतो.

मग नवख्याने किती आणि कसे वाढवावे? 'आठवड्याचे एकूण अंतर दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका' हा नियम वर्षानुवर्षे सांगितला जातो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन इथे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाचशेहून जास्त नवख्या धावपटूंवर तो तपासला गेला. काहींना ८ आठवड्यांचा नेहमीचा सराव दिला, काहींना १३ आठवड्यांचा, दहा टक्क्यांच्या नियमाने बेतलेला. दोन्ही गटांत साधारण पाचातल्या एकाला दुखापत झाली. नियमाने फरक पडला नाही. २०२५ साली पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या नोंदी तपासणारा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याच्या बेरजेशी दुखापतींचा संबंध त्यातही जुळला नाही. जुळला तो एका गोष्टीशी: गेल्या तीस दिवसांतल्या सर्वांत लांब धावण्यापेक्षा आजचे धावणे किती लांब आहे? ते दहा टक्क्यांहून जास्त लांबले की दुखापतीचे प्रमाण वाढत होते आणि दुपटीच्या पुढे गेले तर फारच. हा अभ्यास मुख्यतः घड्याळ बांधून नियमित धावणाऱ्यांचा आहे, नवख्यांना तो तंतोतंत लागू पडेलच असे नाही. पण त्यातले शहाणपण सोपे आहे: एका दिवसात उडी मारू नका. रोज तीन किलोमीटर पळणाऱ्याने रविवारी मित्रांबरोबर दहा मारणे, हे सगळ्यात महागात पडते.

हा हिशेब वरवंडच्या कॅलेंडरवर मांडून पाहू. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, पालखी पुढे गेल्यावर सुरुवात केली आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी १० किलोमीटरची शर्यत धरली, तर हातात सुमारे २२ आठवडे असतात. पहिले आठ आठवडे आठवड्यातून तीनच दिवस: झपझप चालायचे, मध्ये एक मिनिट हळू धावायचे, दोन मिनिटे चालायचे, आणि हळूहळू धावण्याचा वाटा वाढवत न थांबता तीन किलोमीटरवर यायचे. तिथून दर आठवड्याला एकच लांब धाव दहा टक्क्यांनी वाढवली, तर १० किलोमीटर गाठायला १३ आठवडे लागतात. एकूण २१. एक आठवडा शिल्लक. तापात, लग्नकार्यात किंवा कांद्याच्या लागवडीत दोन-तीन आठवडे गेले, तर ते भरून काढायला धावायचे नाही. शर्यत पाचची करायची. यात कमीपणा काहीच नाही. आणि पहिलीच शर्यत २१ किंवा ४२ ची असावी, हा आग्रह तर मला अनाठायी वाटतो.

वेग किती असावा? धावता धावता हरिपाठ म्हणता आला पाहिजे, इतका. शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला. महागडे घड्याळ, पावडरीचे डबे, यातले काही लागत नाही. भाकरी, डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे पुरेसे आहेत. खर्च करायचाच तर बऱ्या बुटांवर करा. आणि अनवाणी धावायची सवय असेल तर बुटांचीही सवय हळूहळू लावा. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातले सोडियम कमी झालेले आढळले होते आणि त्यामागचे मोठे कारण अती पाणी हे होते. स्नायूंचा ठणका दोन दिवसांत ओसरतो. हाडावर एका बोटाने दाबून दाखवता येणारे दुखणे मात्र थांबायचा इशारा असते. चाळिशी उलटलेल्यांनी, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी, धावताना छातीत दुखते किंवा भोवळ येते अशांनी, आणि घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल त्यांनी आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

हे वाचून धावण्याची भीती बसू नये. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख जणांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यात हृदय बंद पडण्याच्या घटना ५९ होत्या. म्हणजे लाखाला एकही नाही. तिथे जे वाचले, त्यांना बहुतेक वेळा शेजारच्या माणसाने लगेच छातीवर दाब देऊन वाचवले होते. आपल्याकडे गावोगावी आता मॅरेथॉन भरतात, टी-शर्ट आणि पदके वाटली जातात. दर किलोमीटरवर असा दाब देता येणारा एक तरी स्वयंसेवक उभा आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही.

याच्या उलटे चित्र भरतीच्या मैदानावर दिसते. २०२४ साली झारखंडमध्ये उत्पादन शुल्क खात्याच्या शिपाई भरतीत मुलांना एका तासात १० किलोमीटर धावायचे होते. ऑगस्ट-सप्टेंबरच्या उकाड्यात झालेल्या त्या चाचणीदरम्यान दहाहून अधिक उमेदवारांचा मृत्यू झाला. कारणांवर वाद झाले, पण ती मुले एका नोकरीसाठी धावत होती, याबद्दल वाद नव्हता. आपल्याकडे पोलिस शिपायाला १,६०० मीटर आणि राज्य राखीव पोलिस दलाला ५ किलोमीटर धावावे लागते. राखीव दलाचे तळ दौंडला आहेत, म्हणून या तालुक्यातल्या घराघरात तो आकडा ठाऊक असतो. गुणांसाठी ते अंतर जीव तोडून पळायचे असते. हौशी धावपटू दुखले तर थांबू शकतो, या मुलांना थांबणे परवडत नाही. म्हणून मैदानी चाचणीची तारीख किमान चार महिने आधी जाहीर झाली पाहिजे आणि धाव पहाटेच्या गारव्यातच घेतली पाहिजे. यात सरकारला फारसा खर्च नाही. आणि मुलांनीही जाहिरातीची वाट न पाहता वर्षभर थोडे-थोडे धावावे. आयत्या वेळी कुणी सुचवलेले इंजेक्शन तर मुळीच घेऊ नये.

शेवटचा मुद्दा रस्त्याचा. वरवंड पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॉल्या आणि भरधाव ट्रक यांच्या शेजारून धावणे हा गुडघ्याच्या दुखण्यापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे. पाटसपासून पुढे जाणाऱ्या पालखी महामार्गाच्या आखणीत वारकऱ्यांसाठी वेगळी पायवाट धरलेली आहे. वारीचे दोन-तीन दिवस सोडले तर ती वर्षभर धावणाऱ्यांच्या, फिरायला जाणाऱ्या बायकांच्या आणि शाळकरी मुलांच्या कामी यावी. तिच्यावर टपऱ्या आणि गाड्या उभ्या राहू न देणे, शाळेचे मैदान पहाटे उघडे ठेवणे आणि तिथे एक दिवा लावणे, एवढे ग्रामपंचायतींना करता येईल. मुलींना तर त्या दिव्याशिवाय पहाटे घराबाहेर पडताच येत नाही.

ज्यांना या डिसेंबरात पहिली शर्यत धावायची आहे, त्यांनी आजच अर्ज भरू नये. आधी आठ आठवडे चालावे-धावावे, तीन किलोमीटर सहज व्हावेत, मग अर्ज भरावा. शर्यत पुढच्या वर्षीही असते.