अपुऱ्याची लाज कशाला?

‘पुरे होत नसेल तर हाती घेऊ नये, आणि घेतलेच तर पुरे झाल्यावाचून कोणास दाखवू नये,’ हे वचन आपल्या घरांत आणि शाळांत इतक्या वेळा ऐकू येते की, ते तपासून पाहावे असे कोणाला वाटतच नाही. मला ते साफ नामंजूर आहे. आणि माझा साक्षीदार आहे एक व्हिडिओ गेम. दिवाळी अंकात एका मास्तराने खेळाची वकिली करावी म्हणून कोणी कपाळाला आठ्या घालतील, त्यांनी खुशाल घालाव्यात.

खेळाचे नाव ‘इन्फिनिटी’. १९९९ पासून ‘ॲफिनिक्स सॉफ्टवेअर’ या लहानशा चमूने तो गेम बॉय कलर या तळहाताएवढ्या जपानी यंत्रासाठी रचावयास घेतला. जात रोल-प्लेइंगची : नायकाला गावोगाव हिंडवावे, भेटेल त्याच्याशी बोलावे, लढावे, अनुभवाने बळ वाढवावे, म्हणजे एक कादंबरीच, फक्त पाने पायी चालून उलटावयाची. पडदा केवढा? १६० आडवे आणि १४४ उभे ठिपके! परंतु २००१ साली गेम बॉय ॲडव्हान्स हे नवे यंत्र बाजारात आले. जुन्या यंत्राच्या खेळाला प्रकाशक मिळेना आणि काम थांबले. पुढे २०१६ साली कर्त्यांनी तो अपुऱ्या अवस्थेतच सर्वांसाठी खुला केला. जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर तो संगणकावर चालतो, आणि मी तो तसाच खेळलो.

‘ज्याचा शेवट बांधलेला नाही त्यात वेळ कशाला घालवावा?’ असा प्रश्न आमच्या शिक्षकांच्या खोलीत एका गृहस्थांनी मला केला. माझे म्हणणे असे की, पुऱ्या वस्तूत कारागीर लपतो, अपुऱ्यात तो सापडतो. कोणती भिंत आधी उभी केली, कोणत्या गावावर जीव ओतला, कोठे नुसती जागा राखून ठेवली, हे सारे उघडे दिसते. लिहिणे शिकवताना मला छापील धड्यापेक्षा खाडाखोडीचा कागद अधिक उपयोगी पडतो, तो याच कारणाने.

दुसरा आक्षेप असा की, अपुरे दाखविल्याने कर्त्याची अब्रू जाते. अहो, ज्या शब्दाने आपण ‘कादंबरी’ ओळखतो, तो शब्दच एका अपुऱ्या राहिलेल्या कथेचे नाव आहे! बाणभट्ट ती संपण्याआधीच वारला आणि उत्तरार्ध त्याच्या मुलाने लिहिला. अपुरी म्हणून ती पेटीत कुलूपबंद राहिली असती, तर आम्ही कादंबरीकार आज स्वतःला काय म्हणवून घेतले असते? ‘इन्फिनिटी’चेही तसेच. २०२१ साली तो पुरा करण्यासाठी लोकांनी वर्गणी दिली. खुला झालेल्या कामाला हात लावणारे भेटले, यात मला योगायोग दिसत नाही. कुलपातल्या कामाला वारस मिळत नाही.

मात्र एक अट आहे, आणि ती कडक आहे. अपुरे ते अपुरे म्हणूनच द्यावे. आज बड्या कंपन्याही कित्येकदा कच्चा खेळ पुऱ्या किमतीला विकतात आणि डागडुजी मागाहून पाठवितात. त्यांचे समर्थन मी करीत नाही; ती फसवणूक आहे. दोष अपुरेपणाचा नव्हे, ते लपविण्याचा.

खरा तोटा होतो तो मुलांचा. वर्गात मी पाहतो : अर्धी गोष्ट लिहिलेली वही मुलगा पोटाशी धरून बसतो, कारण ‘आधी पूर्ण कर’ हेच त्याला ऐकावयाचे असते. तो पूर्ण करीत नाही. तो लिहिणेच सोडतो. शेवट न जमल्याने बुडालेल्या गोष्टी थोड्या; लाजेने बुडालेल्या फार.

तेव्हा आईबापहो, या दिवाळीत अंगणातल्या किल्ल्याचा एक बुरूज ढासळलेला असेल, हळीव उगवले नसेल, मावळे कमी पडले असतील, तरी पाहुण्यांना हाताला धरून तो दाखवा. आणि पोराने संगणकावर अर्धवट खेळ रचला असेल, तर फराळाचे ताट बाजूला ठेवून तो जेथवर चालतो तेथवर खेळा. पुढे काय होणार आहे, ते त्यालाच विचारा.