पन्नास गुण आणि पन्नास पैसे



चव ही पोट भरलेल्यांची चैन आहे, असे आपल्याला पिढ्यान् पिढ्या शिकवण्यात आले. शेतकऱ्याने पिकवावे, पोती भरावीत, काट्यावर घालावीत आणि पट्टी घेऊन घरी यावे. मालाला वास कसा, चव कशी, तो कोणत्या रानातला, कोणत्या वाणाचा, हे विचारणे दुसऱ्याचे काम. आणि जो हे विचारतो, पैसाही तोच कमावतो. याचा पुरावा आज शहरात बिअरच्या ग्लासात पाहायला मिळतो. जिल्हा बैठकीच्या पत्रकात बिअर कशाला, असे काही जण म्हणतील. बिअर धान्याची होते, आणि धान्य हा आपला विषय आहे.

बिअरची कृती काही गूढ नाही. जव, म्हणजे बाजारात ज्याला बार्ली म्हणतात ते धान्य, भिजवायचे, त्याला मोड आणायचे आणि वाळवून भाजायचे. याला माल्ट म्हणतात. लेकरांसाठी नाचणीचे सत्त्व करणाऱ्या बाईला ही निम्मी कृती पाठच असते. माल्ट भरडून साधारण ६५ अंश गरम पाण्यात तासभर ठेवले की पिठाची साखर होते. ते पाणी गाळून, हॉप नावाच्या वेलीची कडू फुले घालून उकळायचे, गार करायचे आणि यीस्ट सोडायचे. यीस्ट साखर खाते आणि मद्यार्क तयार करते. चार-पाच टक्के मद्यार्काची बिअर तयार. राहिलेला चोथा जनावरांना चालतो.

वर्षानुवर्षे आपल्या देशात मोठ्या कारखान्यांची एकाच चवीची पिवळी बिअर मिळत होती. २००९ साली पुण्यात छोटी बिअरभट्टी सुरू झाली. आज पुणे, मुंबई, बंगळुरू येथे अशा भट्ट्या ठिकठिकाणी आहेत. तिथे गिऱ्हाईक आले की लाकडी फळीवर चार-सहा छोटे ग्लास ओळीने मांडतात. पहिल्यात बेल्जियन तऱ्हेची गव्हाची बिअर, गढूळ, हलकी, धने आणि संत्र्याची साल घातलेली. दुसऱ्यात जर्मन तऱ्हेची, तीही गव्हाची. तिच्यात केळे नसते, लवंग नसते, तरी दोन्हींचा वास येतो, कारण तो वास यीस्टचा असतो. तिसऱ्यात हॉपने कडू केलेली 'इंडिया पेल एल'. इंग्रजांच्या राज्यात विलायतेहून इकडच्या गोऱ्या साहेबांसाठी जी बिअर येई, तिच्यावरून हे नाव पडले. नावात इंडिया आहे, भारत नाही. चौथ्यात काळीकुट्ट स्टाउट, करपत आलेल्या जवाची, कॉफीच्या चवीची. गिऱ्हाईक घोट घेते, थांबते, पाणी पिते, दुसरा घोट घेते आणि दोन्हींची तुलना करते.

या तुलनेचे रीतसर शास्त्र आहे. अमेरिकेत १९८५ साली बिअर परीक्षकांची संस्था स्थापन झाली. तिच्या तक्त्यात ५० गुण असतात. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात लागणाऱ्या भरीवपणाला ५ आणि एकूण परिणामाला १०. परीक्षक नुसते गुण देऊन सुटत नाही, त्याला कारणे लिहावी लागतात. धान्य कमी भाजले की जास्त, यीस्ट थकले होते की काय, सारे एका ग्लासावरून सांगावे लागते. या शिस्तीला आम्ही हसणार नाही. मालाची इतकी बारीक पारख होते, म्हणूनच त्या मालाला दर मिळतो.

आता आपल्या मालाची पारख पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये ठरवला आणि मालदांडीचा ३,७४९ रुपये. फरक पन्नास रुपयांचा. किलोला पन्नास पैसे! मध्यम धाग्याच्या आणि लांब धाग्याच्या कापसात सरकारने त्याच हंगामात ४०० रुपयांचा फरक धरला, कारण धागा गिरणीच्या यंत्राला लागतो. ज्वारी माणसाच्या जिभेला लागते, तिचे मोल मात्र पन्नास पैसे. तिकडे एका घोटाला पन्नास गुणांची परीक्षा, इकडे आख्ख्या वाणाला पन्नास पैशांची. आणि हा हमीभावसुद्धा पदरात पडेलच, याची खात्री कोणी देत नाही.

आपल्याला चव कळत नाही म्हणून हे होते काय? हुरड्याच्या दिवसांत शेकोटीभोवती बसलेला कोणीही सांगेल की गुळभेंडीचा हुरडा वेगळा आणि सुरतीचा वेगळा. भाकरी थापणाऱ्या बाईला पिठात हात घातल्याबरोबर कळते, ज्वारी कोणती, नवी की जुनी, पावसात भिजलेली की सुकी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते काही दिल्लीच्या जिभेने मिळवून दिले नाही. खुल्या बाजारात चांगल्या मालदांडीला संकरितपेक्षा पन्नास रुपयांहून पुष्कळ जास्त मिळतात, कारण तिथे भाकरी खाणारा विचारतो. म्हणजे चवीची किंमत बाजाराला कळते, सरकारी कागदाला कळत नाही. आणि जिथे विचारणारा गिऱ्हाईकच नाही, त्या खरिपाच्या ज्वारीचे काय होते, हे विदर्भ-मराठवाड्याला सांगायला नको. कणसात दाणा भरला की पाऊस येतो, दाणा काळा पडतो, व्यापारी नाक मुरडतो. लोकांनी ज्वारी मोडून सोयाबीन पेरले ते उगाच नाही.

एक साधा हिशेब करू. अर्धा लिटर बिअरला साधारण १०० ग्रॅम धान्य लागते. ते ज्वारीचे धरले तर हमीभावाने त्याची किंमत पावणेचार रुपयांच्या आत येते. शहरात असा ग्लास तीनचारशे रुपयांना सहज विकला जातो. मधला सगळा पैसा भट्टीवाल्याचा नफा आहे, असे आम्ही म्हणत नाही. त्यात सरकारचे शुल्क आहे, जागेचे भाडे आहे, वीज आहे, मजुरी आहे, कारागिराचे कसब आहे. पण पावणेचारचे तीनशे होईपर्यंत जी जी पायरी लागते, तिच्यातल्या एकाही पायरीवर शेतकऱ्याला पाय ठेवायला जागा नाही, हे आमचे म्हणणे आहे.

ज्वारीची बिअर होते तरी का, अशी शंका येईल. ज्वारीची बिअर आफ्रिका खंडात शेकडो वर्षे होत आली आहे. दक्षिण आफ्रिकेतली 'उम्कोम्बोथी' ज्वारीच्या माल्टची आणि मक्याची. ती घट्ट, आंबूस, गुलाबीसर तपकिरी असते, गाळ राहू देतात, आणि मद्यार्क साधारण तीन टक्के. आपल्या आंबिलीला हीच आंबूस चव कमी प्रमाणात असते. बुर्किना फासोत लाल ज्वारीची 'दोलो' बायकाच करतात आणि बायकाच विकतात. नायजेरियाने १९८८ साली जवाच्या माल्टची आयात बंद केली. कारखानदारांना देशातल्या ज्वारीकडे आणि मक्याकडे वळावे लागले. बंदी १९९९ साली उठली, पण ज्वारी कारखान्यांतून गेली नाही. युगांडात २००२ साली 'ईगल' नावाची बिअर आली, ती 'एपुरिपुर' या पांढऱ्या ज्वारीची, आणि ज्वारी तिथल्याच शेतकऱ्यांकडून घेतलेली. अमेरिकेत २००६ साली एका बलाढ्य कंपनीने ज्वारीची 'रेडब्रिज' बाजारात आणली, कारण गहू आणि जवातले ग्लुटेन ज्यांना सोसत नाही, त्यांना ज्वारी सोसते.

ज्वारीच्या अडचणीही सांगितल्या पाहिजेत. तिचा स्टार्च शिजायला जवापेक्षा जास्त उष्णता लागते आणि त्या उष्णतेत माल्टमधली पाचक द्रव्ये मरतात. म्हणून धान्य आधी वेगळे शिजवावे लागते किंवा बाहेरून एन्झाइम घालावे लागते. लाल ज्वारीतल्या टॅनिनने चव तुरट होते. ही बिअर जवाच्या बिअरशेजारी ठेवली तर ती हलकी, कोरडी आणि किंचित आंबट लागते, फेस लवकर बसतो. एकच फूटपट्टी लावून हिला कमी गुण देता येतील. पण भाकरीला पोळीच्या फूटपट्टीने कोण मोजतो? कोणत्या वाणाला मोड चांगले येतात, कोणत्यात टॅनिन कमी, कोणत्याची चव कशी, हे शोधणे आपल्या कृषी विद्यापीठांना अवघड नाही. 'फुले मधुर', 'परभणी वसंत' असे खास हुरड्याचे वाण त्यांनीच काढले आहेत.

मग आपल्याकडे घोडे कुठे अडले? कायद्यात. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गोऱ्या सरकारने गावोगावच्या भट्ट्या मोडून दारू मक्तेदारांच्या आणि सरकारी देखरेखीच्या हवाली केली. १८९२ साली मोहाच्या फुलांवरसुद्धा कायदा आला. यात लोकांच्या तब्येतीची काळजी नव्हती, महसुलाची होती. नाताळ प्रांतातही गोऱ्यांनी हेच केले. १९०८ च्या कायद्यानंतर डर्बन नगरपालिकेने ज्वारीच्या बिअरचा मक्ता स्वतःकडे घेतला, घरी बिअर करून लेकरे पोसणाऱ्या बायकांवर धाडी घातल्या, आणि नफ्यातून काळ्या लोकांवर राज्य करण्याचा खर्च भागवला. १९५९ साली केटो मॅनोर वस्तीतल्या बायका लाठ्या घेऊन त्या सरकारी गुत्त्यांवर चालून गेल्या.

आपल्याकडे गोरे गेले आणि १९४९ चा दारूबंदी कायदा आला. तो आजही चालू आहे. त्याच्या छत्राखाली सरकारमान्य देशी दारूच्या दुकानात मळीच्या मद्यार्काची, ४२.८ टक्क्यांची बाटली मिळते. बेकायदा हातभट्टी चालते ती वेगळी, आणि २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे विषारी दारूने मेली. म्हणजे गरिबाला सर्वात जहाल दारू सर्वात सहज मिळते आणि तीन टक्क्यांचे धान्याचे आंबवण गावात केले तर गुन्हा होतो. याला दारूबंदी म्हणायचे?

सूट द्यायची झाली तर सरकारला देता येते. २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आले, वाइनला शुल्कात सवलत मिळाली. नाशिकच्या बागायतदाराच्या पदरात चार पैसे पडले याचा आम्हाला आनंदच आहे. गोव्याच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ साली राज्याच्या वारशाचा मान मिळाला. कोरडवाहूच्या वाट्याला मात्र २००७ चे धोरण आले. ज्वारीला भाव मिळावा असे म्हणत धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना अनुदान. त्यांना हवा होता नुसता स्टार्च. तिथे मालदांडी आणि काळी पडलेली ज्वारी सारखीच. अनुदान कारखान्याला, आणि आपण पुन्हा वजनकाट्यावर.

अमेरिकेतही १९७० च्या दशकाच्या अखेरीस बिअरचे कारखाने शंभराच्या आत उरले होते आणि सगळ्यांची चव जवळजवळ एकच होती. १९७८ साली तिथे घरी बिअर करण्यावरची बंदी उठली. लोकांनी परसात भांडी मांडली, चुकले, शिकले, एकमेकांची बिअर चाखून पाहू लागले. त्यांच्यातलेच काही पुढे कारखानदार झाले. आज तिथे नऊ हजारांहून अधिक भट्ट्या आहेत. सरकार वाटेतून बाजूला झाले, एवढेच घडले.

मायबहिणी विचारतील, घरात दारूने जे होते ते तुम्हाला दिसत नाही का? दिसते. ज्या घरात कापसाचे पैसे गुत्त्यावर गेले, ते घर आमचेच आहे. वर्धा आणि गडचिरोलीच्या बंदीमागे बायकांचे अश्रू आहेत, हे आम्ही विसरलो नाही. आडव्या बाटलीचा त्यांचा हक्क कोणी काढून घेऊ नये. ज्या गावाला नको, त्या गावात काहीच नको. आम्ही कोणाला प्या म्हणत नाही. पण शहरात पिणारे पिणारच आहेत, पारखून पिणार आहेत आणि त्याचे दामही देणार आहेत. ते दाम राजस्थान-हरियाणाच्या जवाला आणि परदेशी माल्टला जावेत आणि आपल्या ज्वारीने पोत्यात कुजावे, याने कोणत्या बहिणीचे भले होते?

म्हणून आमचे म्हणणे चार ओळींचे आहे. ज्वारीचे माल्ट करणे हा शेतीमालावर प्रक्रिया करण्याचा उद्योग आहे, त्यात दारू नाही, तो गावात उभा राहू द्या. कमी मद्यार्काच्या धान्यपेयांसाठी शेतकरी गटांना परवडेल असा साधा परवाना द्या. कृषी विद्यापीठांनी वाणावाणांची माल्टची आणि चवीची पारख करून निकाल छापावा. आणि अनुदान नको, कोणालाच नको.

२०२३ साली जगाने भरडधान्य वर्ष साजरे केले, सरकारने ज्वारीला 'श्री अन्न' म्हटले. नाव मोठे झाले, भावातला फरक पन्नास पैशांचाच राहिला. या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या वाणाची मूठभर ज्वारी आणावी, नाव लिहून ओळीने मांडावी, भाकरी करून खावी आणि गुण द्यावेत. आपल्या मालाची पारख आपण करायला लागलो, की तिचे दाम मागताना आवाज चढा लागेल.