फी बापाची, शिक्षा पोराला कां?

आमच्या शेजारच्या एका गांवीं खासगी शाळेचे मास्तर व एक सुतार पालक यांच्यांत थकलेल्या फीवरून भर चावडीसमोर जुंपली. "फी भरा, मग दाखला न्या," असें मास्तरांचें म्हणणें. "पोरगं वर्गाबाहेर उभं केलंत, आता छदाम देणार नाही," असें पालकाचें. या कज्ज्यांत सहावींतलें पोर मात्र आठ दिवस घरीं बसलें.

आम्हीही मास्तरकीच करतों. विनाअनुदान शाळेंत मास्तरांचा पगार फींतूनच निघतो, हें आम्ही जाणतों. पालकही खोटा नाहीं. गांवांत सुगी आली तरच सुताराच्या हातीं पैसा येतो, आणि शाळेचा तगादा मात्र महिन्याचा. पण देणें बापाचें आहे, पोराचें नव्हे. कर्जापायीं जमीन गिळणाऱ्या सावकाराला आपण नांवें ठेवितों. मग फीपायीं पोराचा दाखला गहाण ठेवणाऱ्या शाळेला काय म्हणावें?

सन १८८२ सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनकडे प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याची मागणी केली. १९१७ सालीं शाहू छत्रपतींनीं करवीर संस्थानांत तें मोफत व सक्तीचें केलें, आणि मूल शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. दंड बापाला, पोराला शाळेचें दार उघडें. हा न्याय आमच्या शाळाचालकांनीं उलटा केला आहे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. वर्गाबाहेर उभें करणें हा छळ नव्हे तर काय? त्याच कायद्याप्रमाणें, दाखला यावयास उशीर झाला एवढ्यावरून सरकारी शाळेस प्रवेश नाकारतां येत नाहीं. म्हणून बंधूंनो, दाखल्याच्या भीतीनें पोर घरीं बसवूं नका. जिल्हा परिषदेच्या शाळेंत न्या. तेथें फी नाहीं.

मात्र कबूल केलेली फी बुडवूंही नका. हप्ते मागून घ्या, प्रत्येक हप्त्याची पावती घ्या. लग्नाच्या मांडवाला पैसा निघतो आणि शाळेसाठीं हात आखडतो, हें बरें नव्हे. मास्तरांनींही बापाच्या ओट्यावर जाऊन पैसे मागावे. वर्गांत पोराचें नांव पुकारूं नये. आणि त्या गांवच्या पंचांनीं दोघांस समोर बसवून हप्ते ठरवावे. पण त्याआधीं दाखला पोराच्या हातीं द्यावा.