खिडकी उघडण्यापूर्वी

परप्रांतात स्थिरावलेल्या मराठी समाजाच्या नियतकालिकांत वधू-वर सूचीचे पान घरोघर, बोट ठेवून वाचले जाते. होळकरांच्या काळापासून माळव्यात वसलेल्या कुटुंबांना स्थळासाठी पुणे, नागपूर, बडोदे, ग्वाल्हेर असा मुलूख धुंडाळावा लागतो. आता त्यात बंगळूर आणि परदेशही आले. तेव्हा ही सूची मोबाइलवर चाळता यावी, ही मागणी रास्तच होय. आमच्या राजेंद्र नगरात संगणक शिकलेल्या तरुणांची वानवा नाही. त्यांपैकी कोणी 'काका, एका संध्याकाळचे काम' असे म्हणाला, तर ती बढाई समजू नये.

जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ मध्ये ब्राउझरसाठी जन्मली. २००९ मध्ये रायन डाल यांनी नोड जेएस रचून तिला सर्व्हरवर, म्हणजे माहिती पुरविणाऱ्या यंत्रावर, आणले. पुढल्याच वर्षी टी. जे. होलोवेचक यांचे एक्सप्रेस हे सुटसुटीत पॅकेज आले. नोड उतरवून घ्यावे, एका आज्ञेने एक्सप्रेस बसवावे आणि पंधरा-वीस ओळींची फाइल लिहावी: अमुक पत्त्यावर विचारणा आली की सूची द्यावी, क्रमांक मागितला की तेवढेच स्थळ द्यावे, ते नसेल तर ४०४ हा 'सापडले नाही' असा सांकेतिक आकडा पाठवावा. शेवटच्या ओळीत पोर्टचा क्रमांक, बहुधा ३०००, दिला की सर्व्हर सुरू झाला. यालाच वेब एपीआय म्हणतात. कचेरीतील खिडकीप्रमाणे ठरलेल्या नमुन्यात मागणी आत जाते आणि ठरलेल्या नमुन्यात उत्तर बाहेर येते.

परंतु शाळेत दाखला मागायला कोणी आले, तर आमचे लिपिक आधी अर्ज पाहतात, नाते विचारतात, सही घेतात. एक्सप्रेसच्या खिडकीमागे असा लिपिक नसतो. मागणारा कोण, त्याला अधिकार काय, हे पाहण्याची तजवीज त्या पॅकेजात नाही. ती आपणच करावयाची असते. ते हलके आहे ते याच कारणाने.

ती केली नाही तर काय होते, पाहा. स्थळ क्रमांक १७ ची माहिती मिळालेला मनुष्य पत्त्यात १८ लिहून पाहतो, मग १९. हेच काम एखाद्या छोट्या प्रोग्रामला दिले, तर काही मिनिटांत सारी सूची त्याच्या हाती जाते. ओवास्प या संस्थेने एपीआयच्या धोक्यांच्या २०१९ आणि २०२३ या दोन्ही वर्षांच्या याद्यांत हाच दोष पहिल्या क्रमांकावर ठेवला आहे. आणि आपल्या सूचीत असते काय? मुलीची जन्मतारीख, छायाचित्र, पगार, घरचा पत्ता, वडिलांचा मोबाइल. भामट्याला फोनवर विश्वास संपादन करण्यास याहून अधिक काय हवे?

उपाय अवघड नाहीत. नोंदणी केलेल्यालाच प्रवेश द्यावा आणि प्रत्येक मागणीच्या वेळी त्याचा अधिकार सर्व्हरने तपासावा. पहिल्या उत्तरात वय, शिक्षण, गाव एवढेच असावे. पत्ता आणि फोन दोन्ही घरांच्या होकारानंतरच द्यावा. ही काटछाट सर्व्हरवरच व्हावी. पडद्यावर न दिसणारा फोन क्रमांक उत्तरात गेलेला असेल, तर जाणकार तो सहज वाचतो. क्रमवार आकड्यांऐवजी लांब, अंदाज न येणाऱ्या खुणा वापराव्यात, मात्र त्यांना कुलूप समजू नये. एकाने तासाला किती मागण्या कराव्यात, यासही मर्यादा असावी. लग्न जमले की नोंद पुसावी. संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमातही संमतीला मध्यवर्ती स्थान आहे. छापील अंकासाठी दिलेली परवानगी सर्व्हरसाठी गृहीत न धरता प्रत्येक घराला नव्याने विचारणे, हेच सभ्यपणाचे.

मंडळांच्या कार्यकारिणीतील वडीलधाऱ्यांना आमची विनंती एवढीच, की त्या तरुणाला परावृत्त करू नये. उलट त्याला एका संध्याकाळीऐवजी दोन आठवडे द्यावेत. सूची खुली करण्यापूर्वी त्याला तीन प्रश्न विचारावेत: मागणाऱ्याची ओळख कोठे पटते? उत्तरात कोणकोणते रकाने जातात? नोंद कोण, केव्हा पुसतो? त्याने फाइल उघडून तिन्हींची उत्तरे ओळींवर बोट ठेवून दाखविली, तर सूची अवश्य सुरू करावी.