टन वाढला की गारवा वाढतोच असं नाही. मालव्यातल्या घरांसाठी एसीचा हिशोब

सोनकच्छ (जि. देवास) : 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि इंदूर-भोपाळ रस्त्यावरच्या या गावातही ‘आता एक घेऊनच टाकू’ हा विचार बळावला. मात्र खरेदीच्या वेळी चर्चा होते ती कंपनी, किंमत आणि हप्त्याची. खोलीला किती टनाचा एसी लागतो, हा प्रश्न मागे राहतो. मग ‘दीड टन घ्या, निवांत राहा’ या सल्ल्यावर व्यवहार उरकतो.

इथे टन म्हणजे मशीनचं वजन नव्हे. सुमारे 907 किलो बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी खोलीतून बाहेर काढण्याची ताकद म्हणजे एक टन. तासाला 12 हजार बीटीयू.

ढोबळ हिशोब असा की 120 चौरस फुटांपर्यंत एक टन आणि 180 पर्यंत दीड टन. पण खोली कुठे आहे, यावर आकडा फिरतो. दहा बाय बाराची तळमजल्यावरची खोली एक टनात भागते. तीच खोली वरच्या मजल्यावर, दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली आणि पश्चिमेच्या भिंतीची असेल, तर दीड टन लागू शकतो. शिवाय एसीवर छापलेली क्षमता बाहेर 35 अंश तापमान धरून मोजलेली असते. मे महिन्यात मालव्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा मशीनची ताकद घटते. म्हणून अगदी काठावरचा हिशोबही धरू नये.

मोठा घेतला तर काय बिघडतं?

गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटकन गार करतो आणि कॉम्प्रेसर बंद पडतो. हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. कोरड्या उन्हाळ्यात हे जाणवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र खोली गार असूनही अंग चिकट राहतं. इन्व्हर्टर एसी वेग कमी करतो, तरी त्यालाही खालची मर्यादा असतेच. उलट लहान एसी थांबतच नाही आणि बिल चढत राहतं.

खरा फटका बिलात

मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेत महिन्याला 150 युनिटपर्यंत वापर असलेल्या घरांना पहिली 100 युनिट 100 रुपयांत मिळतात. एक टनाचा एसी पूर्ण भाराने तासाला साधारण एक युनिट खातो. रोज पाच तास चालला, तर महिन्याला जास्तीत जास्त 150 युनिट एकट्या एसीचीच झाली. दीड टनाचा असेल तर 225. कॉम्प्रेसर अधूनमधून थांबतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी येतो; पण फ्रिज, पंखे, पाण्याची मोटर धरली की मर्यादा ओलांडलीच समजा. म्हणजे वाढीव युनिटचे पैसे तर जातातच, सवलतही हातची जाते.

आधी छत, मग मशीन

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर कमी विजेत चांगलं काम करतो. पावसाळी दमटपणात तो निकामी ठरतो; एसीची खरी गरज तेव्हा भासते. गच्चीला पांढरा चुना, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून आडोसा आणि दाराखालची फट बंद, एवढं केलं तरी खोलीवरचा भार उतरतो. तापमान 24 अंशांवर ठेवलं तर आणखी.

दुकानात जाण्याआधी खोलीची लांबी-रुंदी, मजला, उन्हाची भिंत आणि झोपणारी माणसं कागदावर लिहून न्यावीत. दुकानदाराने यातलं काहीच न विचारता टन सांगितला, तर ग्राहकानेच विचारावं : हा आकडा आला कुठून?