देवराईचा दंडक कोणासाठी?

‘देवराईला कोयता लावू नये’ हा आपल्या पूर्वजांचा दंडक. वणव्याने होरपळलेल्या राईतील रानमोडी उपटावी असे कोणी सुचविले, की पुष्कळ भाविक हाच दंडक पुढे करतात. ही धर्मनिष्ठा नव्हे; धर्माचे नाव घेऊन केलेला आळस होय.

मार्च २०२३ मध्ये सत्तरीत म्हादई अभयारण्याचे डोंगर जळाले. आग विझविण्यास हेलिकॉप्टरे आणावी लागली. अशा जळक्या रानात पहिल्या पावसाने हिरवळ उमटते आणि निसर्गाने आपली जखम भरून काढली म्हणून आपण निश्चिंत होतो. पण ती हिरवळ कोणाची? रानमोडी आणि घाणेरी दोन्ही अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशांतून आलेल्या. आगीत पाला जळाला तरी त्यांच्या मुळांत जीव उरतो आणि मोकळ्या उन्हात त्या भराभर फोफावतात. त्यांच्या दाटीत कुंभा, किंदळ, जांभूळ यांची रोपे गुदमरतात. उन्हाळ्यात हीच रानमोडी वाळून पुढच्या वणव्याचे सरपण होते. तिला अभय देणे म्हणजे आगीलाच आमंत्रण देणे.

वकील या नात्याने सांगतो, नियमाचा अर्थ त्याच्या हेतूवरून लावावा. हा दंडक देवाच्या वृक्षांच्या रक्षणार्थ आहे. त्यांचा गळा आवळणाऱ्या उपऱ्यांसाठी नव्हे. अतिक्रमण करणारास कूळहक्क कोणी दिला? गाभाऱ्यातील निर्माल्य आपण रोज काढतो. त्यास कोणी देवाची विटंबना म्हणत नाही.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी परकीय जातींना आळा घालण्याचा अधिकार केंद्र शासनास दिला आहे. पण कागदावरच्या अधिकाराने मूळ उपटले जात नाही. अभयारण्यात वनखात्याची परवानगी हवीच. देवस्थानच्या स्वतःच्या राईत मात्र पहिले पाऊल महाजनांनीच टाकावयास हवे. माती मऊ झाली की रानमोडी मुळासकट उपटावी. जुन्या घाणेरीचे मूळ जमिनीखाली छाटून झुडूप उलथे ठेवावे, कारण वरून कापलेली घाणेरी पुन्हा फुटते. हे काम फुले येण्यापूर्वी आणि दरवर्षी व्हावे. रोपे लावून छायाचित्रे काढण्याचा सोहळा त्यानंतर! जागा मोकळी झाली, तर होरपळलेले कुंभे नि किंदळ पुष्कळदा आपल्याच बुंध्यातून धुमारे काढतात.

इतके सांगूनही ज्याच्या मनात शंका उरेल, त्याने खुशाल कौल लावावा. मात्र प्रश्न सरळ विचारावा: ‘देवा, तुझी राई राखू, की रानमोडी?’