बुचाची जमीन आणि आपले पाय

बूच म्हटलं की आपल्याला बाटली आठवते. पुण्याला शिकून आलेल्यांना कदाचित बुचाची ती लांब देठाची, पांढरी, सुवासिक फुलं आठवतील. पण ते झाड वेगळं. त्याच्या सालीची आपल्याकडे कधीकाळी हलक्या प्रतीची बुचं करत, म्हणून त्याला ते नाव पडलं. खरं बूच येतं ते एका जातीच्या ओकच्या सालीतून. पोर्तुगीजमध्ये या झाडाला सोब्रेरू म्हणतात आणि सालीला कुर्तिसा. या सालीच्या लाद्या करून घरात जमीन घालता येते, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना आत्ताआत्ता कळू लागलंय. लिस्बनला नातेवाईक असलेल्या घरांतून हा विषय निघतो आणि मग सुट्टीवर आलेला कुणी पुतण्या 'काका, आमच्याकडे बघा, हिवाळ्यात अनवाणी चालतो आम्ही' असं सांगून जातो. इकडे काका विचारात पडतात.

मला हा प्रश्न गेल्या काही वर्षांत चार-पाच जणांनी विचारला. मी बांधकामातला माणूस नाही, कचेरीत फाइली चाळणारा. पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिच्यामागे लागायची खोड आहे. तेव्हा माझं मत आधीच सांगून टाकतो. बुचाची जमीन फार चांगली, पण ती गोव्यातल्या प्रत्येक घरात घालू नये आणि एकाच घरातल्या प्रत्येक खोलीत तर नाहीच.

आधी तिचं कौतुक. झाड न तोडता मिळणारी अशी वस्तू विरळा. सोब्रेरू सुमारे पंचवीस वर्षांचा झाला की त्याची साल पहिल्यांदा काढतात. त्यानंतर निदान नऊ वर्षं त्याला हात लावायचा नाही, असा पोर्तुगालचा कायदा आहे. साल काढायचं काम उन्हाळ्यात चालतं, कुऱ्हाडीनं, आणि ते करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्यांचे. घाव खोल गेला तर झाड जखमी होतं, म्हणून हात बसलेलाच असावा लागतो. साल काढली की खोडावर रंगानं त्या वर्षाचा शेवटचा आकडा लिहितात. २०२४ साली काढली असेल तर ४. म्हणजे पुढची पाळी कधी ते झाडाकडे बघूनच कळतं. (आमच्या कचेरीतल्या फाइलींवर इतकी सुटसुटीत नोंद मी अजून पाहिलेली नाही.) जगातलं जवळजवळ निम्मं बूच पोर्तुगालमधून येतं, त्यातही मुख्यतः आलेंतेजू प्रांतातून. २०११ साली त्यांनी या झाडाला राष्ट्रीय वृक्ष ठरवलं.

लादी मात्र अख्ख्या सालीची नसते. बाटल्यांची बुचं कापल्यावर जो चुरा उरतो तो आणि पहिल्या खेपेची खडबडीत साल दळून, चिकटद्रव्य घालून, दाबून ती करतात. बुचात मुख्य माल म्हणजे हवा. एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे चार कोटी बारीक बंद कप्पे असतात. रॉबर्ट हूकनं १६६५ साली आपल्या पुस्तकात सूक्ष्मदर्शकाखालच्या ज्या कप्प्यांना 'सेल' म्हटलं, ते बुचाचेच. आपण शाळेत 'पेशी' शिकलो त्याचं मूळ बाटलीच्या तोंडात होतं म्हणायचं! या कप्प्यांमुळे बूच पायाला थंड लागत नाही, थोडं दबतं, परत उसळतं आणि आवाज गिळतं. सिंत्रा इथे १५६० साली स्थापन झालेला कापुशू साधूंचा एक मठ आहे. तिथल्या इवल्याशा खोल्यांना थंडी-ओलीपासून वाचवायला त्यांनी बूच लावलं होतं. अमेरिकेतल्या फॉलिंगवॉटर या १९३० च्या दशकातल्या प्रसिद्ध घरात फ्रँक लॉइड राइटनं न्हाणीघरांत बुचाच्या लाद्या बसवल्या.

आता गंमत अशी की पोर्तुगीज इथे १५१० पासून १९६१ पर्यंत होते, पण मी पाहिलेल्या एकाही जुन्या घरात, हिंदू असो वा ख्रिस्ती, बुचाची जमीन नाही. चिनी मातीच्या लाद्या आहेत, चुन्याची आहे, वरच्या मजल्यावर लाकडी फळ्या आहेत, नंतरची तांबडी सिमिटाची आहे. बूच नाही. कारण काय असेल ते असो. आपला पाऊस मात्र मला पुरेसं कारण वाटतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडणारा मुलूख आणि चिऱ्याच्या भिंती! चिरा पाणी पितो आणि खालून वर चढवतो. जुन्या घरात श्रावणात भिंतीला पाठ लावून बसलेल्याला हे सांगायला नको.

मग एवढ्या खटाटोपाचं कारण? माझ्यापुरतं सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझी मावशी घरातच हॉलमध्ये घसरून पडली. गुळगुळीत, चकचकीत व्हिट्रिफाइड लादी, मे अखेरचे दिवस. पहिला पाऊस यायच्या आधी हवा ओलीकिच्च होते आणि तळमजल्याची गार लादी घामेजते हे आपण सगळेच बघतो. मावशीचं खुब्याचं हाड मोडलं. ती आता काठीनं चालते. आणि माझी आई तेव्हापासून त्यांच्या घरी गेली की भिंत धरून चालते. 'म्हाका ही जमीन नाका, पाय निसरता,' म्हणते. सत्तरी उलटलेल्या बाईनं आपल्या बहिणीच्या घरात भिंत धरून चालावं, ही मला लादीच्या दिसण्यापेक्षा मोठी गोष्ट वाटते. आपण लादी दुकानात उभी करून, वरून दिवा पाडून, डोळ्यांनी निवडतो. चालायचं मात्र पायांनी असतं, आणि तेही पुढची वीस वर्षं, जेव्हा पाय आजच्यासारखे नसतील.

इथे कुणीतरी नक्की म्हणेल, आमची शेणानं सारवलेली जमीन काय वाईट होती? मऊ, उबदार, न निसरणारी. खरंय. पण हे म्हणणारे बहुतेक पुरुष असतात. दर आठ-पंधरा दिवसांनी गुडघ्यांवर बसून ती कोण सारवत होतं, चवथीच्या आधी जमीन चोपून कोण घेत होतं, हे एकदा घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून बघा. माझ्या आईला सारवलेल्या जमिनीची आठवण येते, सारवणाची मुळीच येत नाही. 'काही करावं लागत नाही' या एका वाक्यावर व्हिट्रिफाइड लादी घराघरात शिरली ती म्हणूनच, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं.

बुचाची जमीन या बाबतीत मधे कुठेतरी बसते. निगा मागते, पण गुडघे मागत नाही. म्हणून माझं म्हणणं असं : पहिल्या किंवा वरच्या मजल्यावरचा फ्लॅट असेल, तर म्हाताऱ्या माणसांच्या झोपायच्या खोलीत ती घालावी. पलंगावरून पाय खाली टाकला की गार लागत नाही, पाऊल घट्ट बसतं आणि पडलंच कुणी तर दगडावर पडल्यापेक्षा मार कमी. न्हाणीघरात घालू नये. राइटनं घातली असेल, त्याच्याकडे आपली बादली आणि तांब्या नव्हता. स्वयंपाकघरातही नको. तळमजल्यावर, आणि चिऱ्याच्या जुन्या घरात तर अजिबात नको. तिथे तांबडी सिमिटाची जमीन असेल तर ती उखडू नका, तीच दुरुस्त करून घ्या. हे मी जरा जोरात म्हणतोय, कारण तसल्या सुंदर जमिनी फोडताना मी पाहिल्या आहेत.

बुचात दोन प्रकार मिळतात आणि त्यांतला फरक विक्रेता आपणहून सांगेलच असं नाही. एक, चार ते सहा मिलिमीटर जाडीची पूर्ण बुचाची लादी, जी खाली चिकटवतात. दुसरा, एकमेकांत अडकणाऱ्या पट्ट्या : वर बुचाचा पातळ थर, मधे लाकडाच्या भुशाचा दाबलेला पाट. बसवायला सोपा म्हणून हा दुसरा जास्त खपतो. पण त्या मधल्या पाटात पाणी शिरलं की तो फुगतो, आणि वाळवीला तो आवडतो. आपल्या हवेत मी चिकटवायचीच घेईन. 'वॉटरप्रूफ आहे' असं कुणी म्हणालं तर विचारा, कुठला भाग? बूच पाणी फारसं पीत नाही हे खरं, पण सांधे आणि खालचा पाट बुचाचे नसतात.

घालण्याआधी खालच्या जमिनीची ओल बघायची. दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून जमिनीवर एक दिवस-रात्र ठेवा. उचलल्यावर खाली थेंब दिसले किंवा जमीन काळपटली असेल तर विषय तिथेच संपला. आणि ही परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये घ्या. मार्चमध्ये गोव्यातली कुठलीही जमीन पास होते. काम मात्र दिवाळीनंतर, कोरड्या दिवसांत करून घ्यायचं. लाद्यांची खोकी उघडून त्याच खोलीत दोन-तीन दिवस ठेवायची, म्हणजे त्या हवेला सरावतात. जुन्या लादीवर चिकटवणार असाल तर आधी सांधे भरून सपाट करून घ्या, नाहीतर वर्षभरात खालच्या चौकटी वर उमटतात. दाराच्या फळ्या खालून तासाव्या लागतील, हेही सुतार आल्यावरच आठवतं.

निगेचं म्हणाल तर फिनेलची बादली आणि ओलं फडकं बंद. हे सगळ्यांत कठीण, कारण लादी पुसणं म्हणजे पाणी ओतणं अशी आपली समजूत आहे. मऊ केरसुणी किंवा झाडू, आणि घट्ट पिळलेलं फडकं एवढंच. कामाला येणाऱ्या बाईला हे आपण स्वतः पुसून दाखवावं, हुकूम सोडून भागत नाही. दारात काथ्याचं पायपुसणं हवं, कारण आपल्याकडची वाळू-माती पॉलिश खाते. रबराच्या पाठीचं पायपुसणं मात्र बुचावर ठेवू नये, डाग पडतो आणि तो जात नाही. खुर्च्या-पलंगाच्या पायांना जाड नमद्याचे तुकडे चिकटवा. लोखंडी कपाट एकाच जागी वर्षानुवर्षं राहिलं तर खळगा पडणार, त्याखाली फळी द्या. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा, कारण बूच उन्हानं विटतं. वरचं पॉलियुरेथेनचं अस्तर काही वर्षांनी झिजतं. ते पार झिजून बूच उघडं पडायच्या आत नवा हात द्यायचा. एकदा मेण लावलं तर ते पूर्ण काढल्याशिवाय हे अस्तर धरत नाही, तेव्हा दोन्हींपैकी काय ते पहिल्याच दिवशी ठरवा.

पैसे? व्हिट्रिफाइड लादीपेक्षा बरेच जास्त, माल बाहेरून येतो. म्हणूनच एक खोली म्हणतो मी, हॉल नव्हे. हॉल पाहुण्यांसाठी असतो. रात्री तीन वाजता अंधारात उठून चालणारं माणूस आतल्या खोलीत असतं.

आणि घेताना एक खोकं जास्तीचं घेऊन माळ्यावर ठेवा. पुढच्या खेपेचा रंग जुळत नाही.